जासूदजोडी आणि चालतें घर

गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरीचें नांव महाराष्ट्रांतल्या शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. या शौर्यकथेच्या मुळाशीं एक निरोप आहे, याकडे मात्र लक्ष क्वचितच जातें. आदल्या वर्षीं उमराणीस कोंडींत सांपडलेल्या खानाला प्रतापरावांनीं सोडून दिलें. बखरी सांगतात कीं, त्याबद्दलचा शिवाजी महाराजांचा रोष फिरत्या लष्करापर्यंत जाऊन पोंचला. शब्द पोंचला; पण तो किती खोल लागला हें पाठविणारास कळावयाचें तर पुन्हां तितकीच वाट आणि तितकेच दिवस हवेत. जो घर सोडून फिरतीवर आहे त्याच्याशीं दुतर्फा संबंध कसा राखावा, हा प्रश्न असा जुना आहे.

मराठ्यांची छावणी म्हणजे चालतें शहरच असे. आज या नदीकांठीं, तर उद्यां दहा कोस पुढें. तिचा शोध घेत पत्रें पोंचविणें हें जासुदांचें काम. जुन्या कागदांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. एक आजारी पडला तर दुसऱ्यानें थैली पुढें न्यावी, हा त्यांतला उघड फायदा. कासदाचा अजुरा ठरवितांना किती दिवसांत पोंचावयाचें हेंहि ठरत असे. जोडीदार आणि मुदत, या दोन गोष्टींवर फिरत्या माणसाचा विश्वास उभा होता.

वाट एकच असली म्हणजे काय होतें, हें पानिपतानें दाखविलें. अब्दालीनें यमुना उतरून दिल्लीकडील वाट अडविली आणि भाऊसाहेबांच्या छावणीचा दक्षिणेशीं संबंध जवळजवळ तुटला. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले होते. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची बातमी त्यांना वाटेंत मिळाली ती एका सावकारी पत्रांतून; मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत. दरबाराची वाट बंद पडली होती. पेढीची वाट चालू होती.

पुढें इंग्रजी अमलांत १८५४ सालीं अर्ध्या आण्याचें तिकीट आलें आणि तारायंत्राचे खांब मुंबईहून दूरवर पोंचले. बातमीचा वेग वाढला, पण प्रवाशाला तारघर असलेल्या गांवीं जाऊन थांबावेंच लागे. ही अडचण दूर होण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ३१ जुलैस भारतांतील पहिलें मोबाइल संभाषण झालें आणि १५ ऑगस्टला सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें झालें. जुलै २०१३ मध्यें सरकारी तारसेवा बंद झाली, तोंपर्यंत खिशांतल्या यंत्रानें तिची जागा घेतली होती.

आतां छावणीचें रूपहि पालटलें आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. शेज, चूल, न्हाणी यांसह हें मोटारघर संकेश्वराहून गडहिंग्लज, आजरा करीत आंबोलीच्या घाटानें कोंकणांत उतरूं शकतें. त्यांत बसून कोणी कचेरीचें काम करतो, कोणाची वृद्ध आई घरीं असते. त्यांना इंटरनेट ही चैन नसून गरज आहे. आणि नेमकी घाटांत ती दगा देते. मोबाइलच्या लहरी मनोऱ्याकडून बव्हंशीं सरळ रेषेंत येतात. मध्यें डोंगर आला कीं त्या क्षीण होतात. गाडीचा लोखंडी पत्रा त्यांना आणखी अडवितो. सुटीच्या दिवशीं एकाच मनोऱ्यावर शेंकडों यंत्रांचा भार पडतो.

उपाय पाहूं गेल्यास जुनेच आहेत. एका कंपनीचें सिमकार्ड हा एकटा जासूद होय. दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं कार्डें ही जोडी. तीं दोन्हीं घेणारा राउटर गाडींत बसवावा, त्याचा अँटेना टपावर ठेवावा, मुक्काम दरींत न करतां उंचवट्यावर करावा. नकाशे आणि कागदपत्रें घाट लागण्यापूर्वींच उतरवून घ्यावींत. आकाशांतील उपग्रहांची तिसरी वाटहि जगांत खुली झाली आहे; पण तिला मोकळें आकाश लागतें, दाट झाडीखालीं ती अडखळते; शिवाय भारतांत उपग्रह-फोन परवानगीशिवाय वापरतां येत नाहीं.

तरी सर्वांत स्वस्त उपाय मुदतीचा. निघतांना घरीं सांगून ठेवावें कीं, अमुक वेळीं घाटांत असूं, अमुक वेळीं खालीं उतरून फोन करूं. मग मधल्या शांततेचा अर्थ घरच्यांस ठाऊक असतो आणि ती त्यांना भिववीत नाहीं. ठरलेली वेळ टळली, तरच चौकशीस निघावें. पानिपतच्या दिवसांत पुण्यास हा आधार नव्हता. छावणी मुकी झाली कीं तिच्यावर काय ओढवलें आहे, हें ओळखावयास कांहींच साधन उरत नसे.