वेगनौकेतील इंजिनबदल

वेगनौकेतील इंजिनबदल : जुन्या मोटारबोटीतले मूळ इंजिन उतरवून त्याजागी अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसवणे. इंजिन थकले तरी फायबरग्लासचा तळ बराच काळ टिकतो. त्यामुळे नवी बोट घेण्याऐवजी अनेक मालक हा मार्ग धरतात. अश्वशक्तीच्या प्रमाणात वेगही वाढेल, ही त्यांची अपेक्षा मात्र सहसा फसते.

पाण्यात बुडून, ते बाजूला सारत चालणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाणरेषेवरची लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ 1.34 ने गुणले की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. 25 फुटांच्या नावेला ती 6.7 नॉट येते. त्यापुढे जोर लावला तर वेग फारसा वाढत नाही, डिझेल मात्र जळते. कोकणातल्या मासेमारी नौकांना मोठ्या इंजिनाचा फायदा जाळे ओढताना आणि वाऱ्याविरुद्ध परतताना होतो, तो याच कारणाने.

वेगनौकेचे तसे नाही. ती पाण्यावर उचलली जाऊन सरकते आणि तिचा वेग साधारणपणे अश्वशक्ती व वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. अमेरिकन नौका-अभिकल्पक जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र हेच सांगते. वेग 30 नॉटवरून 40 वर न्यायचा तर शक्ती सुमारे 1.78 पट लागते, म्हणजे 150 अश्वशक्तीच्या जागी जवळपास 267. तेही बोटीचे वजन तेवढेच राहिले तर. प्रत्यक्षात ते राहत नाही. जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन बहुधा जड असते. शिवाय जुन्या बोटीच्या फळ्यांखालचा फोम वर्षानुवर्षे पाणी पिऊन बसलेला असतो. बोट आधी काट्यावर चढवावी आणि मग इंजिनाची किंमत विचारावी, हे शहाणपणाचे.

इंजिनबदलासाठी प्रसिद्ध असलेली बोट म्हणजे बर्ट्रम 31. रेमंड हंट यांनी आखलेल्या खोल व्ही आकाराच्या तळाची ‘मॉपी’ ही लाकडी बोट 1960 ची मायामी-नसाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. तिच्यावरूनच पुढे फायबरग्लासची बर्ट्रम 31 निघाली. हा तळ लाटांचा मार सोसतो, म्हणून त्यात मूळच्या पेट्रोल इंजिनांच्या जोडीऐवजी डिझेल इंजिने बसवून या बोटी आजही वापरल्या जातात. सगळ्याच जुन्या तळांना हे मानवत नाही. क्षमतेपेक्षा जास्त वेग दिल्यास काही बोटींची नाळ, म्हणजे पुढचे टोक, घोड्यासारखी उसळत राहते, तर काही एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळू लागतात.

आउटबोर्ड इंजिन ज्या मागच्या उभ्या फळीवर टांगतात, ती ट्रान्सम आतून प्लायवूडची असेल तर वरून धडधाकट दिसूनही कुजलेली निघू शकते. अमेरिकेत 20 फुटांखालच्या बहुतेक आउटबोर्ड बोटींवर कमाल अश्वशक्तीची पाटी असते. तो आकडा ओलांडणे म्हणजे विम्याशीही वाकडे घेणे. आत बसणारे पेट्रोल इंजिन मोटारगाडीतून काढून तसेच चढवणे तर धोक्याचेच : गाडीच्या स्टार्टर आणि अल्टरनेटरला ठिणगी आत कोंडणारे आवरण नसते आणि बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते.

प्रॉपेलर न बदलता केलेला इंजिनबदल अर्धवटच म्हणावा लागेल. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंचाने बदलला की पूर्ण थ्रॉटलवरचे फेरे मिनिटाला सुमारे 150 ते 200 ने बदलतात. निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत ते बसेपर्यंत पंखे बदलून पाहावे लागतात. ही चाचणी मोकळ्या पाण्यात, वाहतुकीपासून लांबच घ्यावी. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाची वेगनौका ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली; त्या अपघातात डझनाहून अधिक माणसे गेली.

शेवटचा हिशेब इंधनाचा. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल इंजिन ढोबळमानाने दर 10 अश्वशक्तीमागे तासाला एक अमेरिकन गॅलन, म्हणजे 3.8 लिटर पेट्रोल पिते. 300 अश्वशक्तीला हा आकडा शंभर लिटरांच्या पुढे जातो. जुनी टाकी मग अपुरी पडते आणि मोठी बसवली की वजन पुन्हा वाढते.