एका रोगाची जातकुळी

रोगांनाही जातकुळी असते असें म्हटलें, तर पुष्कळांना तें चमत्कारिक वाटेल. पटकी आली कीं ती वाडा पाहात नाहीं आणि झोंपडीही पाहात नाहीं. देवीचे वण राजपुत्राच्या तोंडावरही उमटत असत. परंतु कांहीं रोग हवेंतून वा पाण्यांतून येत नाहींत, ते आईबापांकडून वारशानें येतात. अशा रोगांच्या बाबतींत कोणत्या लोकांत रोग किती, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा न राहतां इतिहासाचाही होतो. लोक मूळचे कोठले, ते कोठें जाऊन वसले, कोणाशीं सोयरीक करीत राहिले, हें सारें त्या आंकड्यांत उतरतें. सिस्टिक फायब्रोसिस हा असाच एक रोग. त्याला आपल्या भाषेंत रूढ नांव नाहीं, आणि हें नांव नसणें हाही या हकीकतीचाच एक भाग आहे.

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळांत हा गोऱ्या लोकांचा रोग म्हणून ओळखला गेला. हें म्हणणें अर्धें खरें होतें. उरलेल्या अर्ध्यानें जें नुकसान केलें, त्याची गोष्ट येथें सांगावयाची आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप. निरोगी शरीरांत फुप्फुसांच्या नळ्यांना ओलावा देणारा श्लेष्मा पातळ असतो. या रोगांत तो डिंकासारखा चिकट होतो. नळ्या तुंबतात, तुंबलेल्या जागीं जंतू घर करतात, आणि एकामागून एक न्युमोनियाचे झटके येऊन फुप्फुसें निकामी होत जातात. स्वादुपिंडांतून निघणारा पाचक रसही वाटेंतच अडकतो. म्हणून मूल अधाशासारखें जेवतें आणि तरी वाळत जातें. या सर्वांच्या जोडीला एक विचित्र खूण असते. अशा मुलाचा घाम फार खारट असतो. ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेतांना ओठांना मीठ लागतें त्याला चेटूक झालेलें आहे व तें फार दिवस जगावयाचें नाहीं, अशी मध्य युरोपांत जुनी समजूत होती. चेटकाचा भाग सोडला तर त्या आयाबायांची पारख अचूक होती.

या दुखण्याला स्वतंत्र रोग म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती १९३८ सालीं, न्यूयॉर्क शहरांत. झुरिकच्या ग्वीडो फान्कोनी यांनीं दोन वर्षें आधीं अशा मुलांचें वर्णन केलें होतें. परंतु रोगाचें सांगोपांग चित्र उभें केलें तें डोरोथी अँडरसन या विदुषीनें. बाईंना शस्त्रवैद्य व्हावयाचें होतें. स्त्री म्हणून ती वाट त्यांना बंद झाली, आणि त्या मुलांच्या एका रुग्णालयांत शवविच्छेदनाच्या कामावर आल्या. सीलिअ‍ॅक नांवाच्या पचनाच्या विकारानें मेलें, असें ज्याच्या कागदावर लिहिलेलें होतें अशा एका मुलाचें शव तपासतांना त्यांना स्वादुपिंडांत पोकळ गांठी आणि तंतूंचें जाळें दिसलें. कागदावरच्या विकारांत असें व्हावयास नको होतें. बाईंनीं जुनीं दप्तरें उपसलीं, इतर ठिकाणच्या नोंदी मागविल्या, आणि ४९ मुलांची हकीकत जमवून प्रसिद्ध केली. तोंवर हीं मुलें नव्हतीं असें नाहीं. तीं दुसऱ्याच रोगांच्या नांवांखालीं पुरलीं गेलीं होतीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें ती पुन्हां पुन्हां घडलेली दिसेल.

दहा वर्षांनीं, १९४८ च्या उन्हाळ्यांत, न्यूयॉर्कवर उष्म्याची मोठी लाट आली. उष्म्यानें गळून जीं मुलें रुग्णालयांत येऊं लागलीं, त्यांत या रोगाचीं मुलें नजरेंत भरण्याइतकीं अधिक होतीं. तेथील एक डॉक्टर पॉल दि सांताग्नेझे यांनीं त्याचा पिच्छा पुरविला आणि १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, या मुलांच्या घामांतून मीठ कित्येक पटींनीं अधिक जातें. १९५९ सालीं गिब्सन व कुक यांनीं कातडीवर औषध ठेवून विजेच्या सौम्य प्रवाहानें घाम आणण्याची रीत बसविली. निदानाचा मुख्य आधार आजही हीच घामाची परीक्षा आहे. सुई नाहीं, चिरफाड नाहीं. मात्र ती करावी असें डॉक्टरांच्या मनांत आलें पाहिजे.

आतां वारशाचा प्रश्न. आईबाप दोघेही धडधाकट, आणि मूल रोगी, असें या रोगांत नेहमी घडतें. प्रत्येक माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची व एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागविते. असा माणूस रोगी नसतो, केवळ वाहक असतो. दोन वाहकांचें लग्न झालें तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याचा संभव चारांत एक. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारें २५ माणसांत १ वाहक आढळतो. म्हणजे सहजगत्या जमलेल्या ६२५ जोडप्यांत एक जोडपें दोन वाहकांचें, आणि सुमारें २,५०० जन्मांत एक मूल रोगी. गोऱ्या लोकांपुरता हा हिशेब प्रत्यक्षाशीं बराचसा जुळतो.

तें जनुक सांपडलें १९८९ सालीं. टोरोंटोचे लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या मंडळींनीं तें सातव्या गुणसूत्रावर हुडकून काढलें. पेशीच्या भिंतींतून क्षाराची ये-जा करविणारें एक प्रथिन त्या जनुकाच्या हुकुमानें बनतें. १,४८० मण्यांच्या त्या माळेंतला ५०८ वा मणी गळालेला, हा बिघाड युरोपीय रुग्णांत सर्वांत अधिक दिसला. त्याला आपण येथें '५०८ चा बिघाड' म्हणूं. पुढें जसजसा शोध वाढला तसतसे त्याच जनुकाचे दोन हजारांवर फेरफार नोंदले गेले. ते सर्वच रोगकारक नाहींत. परंतु रोग एक आणि बिघाड अनेक, ही गोष्ट स्पष्ट झाली.

आणि येथूनच इतिहासाची गंमत सुरू होते. युरोप म्हणून जें एकसंध समजलें जातें, तें या बाबतींत मुळींच एकसंध नाहीं. आयर्लंडांत १९ माणसांत १ वाहक. उलट फिनलंडांत सुमारें २५,००० जन्मांत एकच रोगी. डेन्मार्कच्या रुग्णांत बिघडलेल्या शंभर जनुकांपैकीं ८५ हून अधिक ५०८ च्या बिघाडाचीं, तर तुर्कस्तानांत तीं पावशेराच्या आसपास. पूर्व युरोपांतून पांगलेल्या अश्केनाझी ज्यूंत निराळाच एक बिघाड पुढें येतो, आणि आयर्लंड-ब्रिटनीच्या केल्टिक किनाऱ्यावर आणखी एक. ५०८ चा बिघाड कांस्ययुगांत, सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं, पश्चिम युरोपांत पसरूं लागला असावा, असें २०१८ सालच्या एका अभ्यासानें मांडलें. इतका घातक वारसा टिकला कां? आपल्या विदर्भांत आणि नंदुरबारकडील आदिवासींत सिकल सेलचा रोग आहे. त्याच्या वाहकांना हिंवतापापासून संरक्षण मिळतें हें सिद्ध आहे. त्याच धर्तीवर या रोगाच्या वाहकांना पटकी, विषमज्वर किंवा क्षय यांपासून कांहीं आडोसा मिळत असावा, असे तर्क झाले. ते आकर्षक आहेत; पण एकही अद्याप निर्विवाद ठरलेला नाहीं.

आतां दुसरी बाजू. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांत हा रोग नाहींच, किंवा असून नसल्यासारखा, असा समज होता. वॉशिंग्टन शहरांतील कृष्णवर्णीय मुलांची पाहणी १९७४ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्यांत प्रमाण सुमारें १७,००० जन्मांत एक असें निघालें. कमी खरें, पण शून्य नव्हे. या मुलांत एक बिघाड असा दिसूं लागला कीं जो युरोपीयांत क्वचित् आढळतो आणि आफ्रिकेंतून आलेला आहे. मग १९९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत कृष्णवर्णीयांचें रक्त तपासून जो अंदाज निघाला, त्यानें अनेकांना चकित केलें असेल: सुमारें ३४ माणसांत १ वाहक! अंदाजाचा विस्तार फार मोठा होता हें खरें. तरी त्याच्या मानानें त्या देशांत निदान झालेलीं कृष्णवर्णीय मुलें अगदीं बोटांवर मोजण्याजोगीं होतीं. उरलेलीं कोठें गेलीं? कुपोषण, क्षय, अतिसार, न्युमोनिया अशा नांवांखालीं. अँडरसनबाईंच्या आधीं न्यूयॉर्कमध्यें जें झालें, तेंच येथें साठ वर्षांनंतरही चाललें होतें, आणि आतां तर रोग माहीत असून.

आमच्या मतें येथें दोष कोणा एका डॉक्टरच्या दुष्टपणाचा नाहीं. ग्रंथांत लिहिलें कीं हा रोग अमुक लोकांत होत नाहीं, म्हणून त्या लोकांत तो कोणी शोधला नाहीं; शोधला नाहीं म्हणून सांपडला नाहीं; आणि सांपडला नाहीं म्हणून पुढच्या ग्रंथांत पुन्हां तेंच वाक्य उतरलें. अमेरिकेच्या सर्व संस्थानांत २०१० पर्यंत नवजात बालकांच्या टांचेंतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होऊं लागली. परंतु कोणते बिघाड तपासावयाचे याच्या याद्या प्रामुख्यानें गोऱ्या रुग्णांवरून तयार झालेल्या होत्या. साहजिकच यादीबाहेरच्या बिघाडांचीं मुलें त्या जाळ्यांतून निसटत राहिलीं.

औषधांचेंही असेंच झालें. २०१२ सालीं मूळ प्रथिनालाच कामाला लावणारें पहिलें औषध आलें, तें त्या केल्टिक बिघाडावर. २०१९ सालीं तीन द्रव्यांचें संयुक्त औषध मंजूर झालें, तें मुख्यतः ५०८ च्या बिघाडावर. त्याचा गुण विलक्षण आहे. ज्या रोगांत पूर्वीं मुलें शाळेचें तोंडही क्वचितच पाहात, त्यांत अमेरिकेंत आज जन्मणाऱ्या रुग्णाच्या आयुष्याचा अंदाज साठीच्या घरांत गेला आहे. पण २०२१ सालीं केलेल्या हिशेबांत असें दिसलें कीं, तेथील गोऱ्या रुग्णांपैकीं शेंकडा ९२ जणांचे बिघाड अशा औषधांच्या कक्षेंत येतात, तर कृष्णवर्णीयांपैकीं शेंकडा ७० च. संख्येनें जास्त त्यांच्या बिघाडावर औषध आधीं निघावें, यांत व्यापाराच्या दृष्टीनें वावगें कांहीं नाहीं. ज्याचें मूल उरलेल्या तिसांत आहे त्या बापाला मात्र हा हिशेब समजावून सांगणें कठीण. शिवाय हें औषध आलें तेव्हां त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती.

आपल्या देशांत या रोगाच्या नोंदी १९६८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून येऊं लागल्या. तरीही बराच काळ भारतीय मुलांत हा होत नाहीं असेंच धरून चाललें. ब्रिटनमध्यें जाऊन राहिलेल्या आपल्या उपखंडांतील कुटुंबांत प्रमाण १०,००० जन्मांत एक आणि अमेरिकेंतील भारतीयांत ४०,००० जन्मांत एक, असे अंदाज निघाले तेव्हां शंकेला जागा उरली नाहीं. तींच घराणीं, तेंच रक्त. परदेशीं गेल्यावर रोग दिसूं लागला तो केवळ तेथें तो पाहण्याची सोय होती म्हणून. आपल्याकडे मूल खोकतें, वाळतें, त्याला पातळ शौचास होते. या तिन्ही गोष्टींना आधींच ठरलेलीं उत्तरें आहेत. कित्येकदां क्षयाचीं औषधें सुरू होतात आणि घामाकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. त्यांतून आपला उन्हाळा! न्यूयॉर्कमध्यें जी लाट चार दिवसांची पाहुणी होती ती येथें महिनोन् महिने मुक्कामाला असते, आणि अशा मुलांच्या अंगांतील क्षार धोक्याच्या थराला उतरतात. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची आपल्याकडील पुष्कळ जातींतली चालही येथें विचारांत घ्यावी लागते. आजोबांकडून आलेला दोष दोहोंकडून एकाच मुलांत एकत्र येण्यास तिनें वाट मिळते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. काब्रा व त्यांचे सहकारी यांनीं परदेशी यंत्राची वाट न पाहतां घाम गोळा करून तपासण्याची स्वस्त देशी रीत बसविली व २००२ सालीं ती प्रसिद्ध केली. तिच्या आधारें मुलें सांपडूं लागलीं. मात्र पुष्कळांचें निदान फार उशिरा झालें होतें. भारतीय रुग्णांच्या निरनिराळ्या पाहण्यांत ५०८ चा बिघाड शंभर जनुकांत १९ पासून ४४ पर्यंत आढळला. याच संस्थेच्या मंडळींनीं २००६ सालीं ९५५ नवजात बालकांच्या नाळेंतलें रक्त तपासलें. त्यांत ५०८ च्या बिघाडाचे वाहक चार निघाले, म्हणजे सुमारें २३८ माणसांत एक. आणि त्यावरून देशांतील रोगाचें प्रमाण ४३,००० पासून १,००,००० जन्मांत एक यांच्या दरम्यान असावें असें गणित मांडण्यांत आलें. त्या ९५५ नळ्यांत शोधला गेला तो एवढा एकच बिघाड.