घरी शिकणाऱ्या मुलांची कॉलेज प्रवेश परीक्षा : तयारी कधी आणि कुठून सुरू करायची?

आपल्या वस्त्यांमध्ये घरी शिकणारी मुले दोन प्रकारची आहेत. काहींच्या आई-वडिलांनी विचार करून त्यांना शाळेबाहेर शिकवायचे ठरवले. बाकीच्यांची शाळा आजारपण, स्थलांतर किंवा लहान भावंडांची जबाबदारी यामुळे सुटली. कारणे वेगळी असली तरी सोळाव्या-सतराव्या वर्षी प्रश्न एकच येतो : आता कॉलेजला कसे जायचे?

आमचा अनुभव सांगतो, की ही मुले प्रवेश परीक्षेत अभ्यासामुळे कमी आणि कागदपत्रांमुळे जास्त अडकतात. त्यामुळे तयारी उलट दिशेने करावी. आधी कोर्स ठरवा, मग त्याची परीक्षा, मग बारावीचे विषय आणि शेवटी बोर्ड.

दहावी-बारावीचे दोन रस्ते

पहिला रस्ता राज्य मंडळाचा. फॉर्म नंबर १७ भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. केंद्र सरकारची ही संस्था १९८९ पासून काम करते. दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. दहावी मराठी माध्यमातून देता येते. दहावी आणि पूर्ण बारावी यांत दोन वर्षांचे अंतर लागते, हे लक्षात ठेवा. घाईने वर्ष वाचवता येत नाही.

परीक्षेनुसार विषय

इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते. पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे आणि भौतिक व रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न एकेक गुणाचे, असे एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. मराठीतून शिकणाऱ्यांनी गणितातील इंग्रजी शब्दांची वही अकरावीपासूनच करावी. इंजिनिअरिंग प्रवेशासाठी बारावीला या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातील मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात.

एनआयटीसाठी जेईई मेन लागते आणि आयआयटीसाठी त्यानंतर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे बारावीला ७५ टक्क्यांची अट असून अनुसूचित जाती-जमातींना ती ६५ टक्के आहे. एनआयओएसच्या विद्यार्थ्याने किमान पाच विषय घेतलेले असावेत.

मेडिकलसाठी नीट. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना एकेकाळी या परीक्षेपासून अडवले जात होते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच, आणि प्रात्यक्षिके कोणत्या केंद्रावर होणार हे प्रवेश घेतानाच विचारा.

कला आणि समाजशास्त्राकडे जाणाऱ्यांनी सीयूईटी विसरू नये. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश याच परीक्षेतून होतात आणि ती मराठीतूनही देता येते. पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्ससाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. बीबीए-बीसीएसाठीही २०२४ पासून सीईटी सुरू झाली आहे.

खरी अडचण : जातीचा दाखला आणि वैधता

आमच्या ओळखीच्या एका मुलाने घरी अभ्यास करून सीईटीत चांगले गुण मिळवले. पण प्रवेश फेरीच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हते. राखीव जागा गेली आणि खुल्या जागेची फी भरणे घरच्यांना शक्य नव्हते. त्याचे वर्ष वाया गेले.

ज्युनिअर कॉलेजमध्ये असलेल्या मुलाला कॉलेज वैधतेच्या अर्जाची आठवण करून देते. घरी शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही. जो कधीच शाळेत गेला नाही त्याच्या नावावर शाळेच्या रजिस्टरची नोंदही नसते. मग वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. गावच्या शाळेतून आणि तहसीलमधून असे कागद मिळवायला महिने लागतात.

आपल्यासाठी आणखी एक मुद्दा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत, धर्माचे नाव नाही. दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल आणि मूळ जातीचा उल्लेख नसेल, तर जेईई, नीट किंवा सीयूईटीच्या केंद्रीय जागांवर अडचण येऊ शकते. केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढा. मुलगा किंवा मुलगी बारावीला बसायच्या आधीच हे काम सुरू करा.

प्रवेश परीक्षा जमली नाही तर

दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक आहे. पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी बारावीनंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत.

कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक विहारात वर्षातून एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवता येईल. वस्तीत चौदा वर्षांवरची किती मुले शाळेबाहेर आहेत, याची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने लिहा : शाळेचा दाखला, जातीचा दाखला, वैधता, बोर्डाची नोंदणी. जो रकाना रिकामा आहे, तिथून काम सुरू करा. अर्जाच्या तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक एकाने पूर्ण वाचून बाकीच्यांना समजावून सांगावे.

अभ्यास मुले करतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या मागे कॉलेज नसते, तेव्हा कॉलेजचे ते काम आपण वाटून घ्यायचे आहे.