बदलून बघू या!

आमच्या घरी संगणक आला १९९८ साली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला. मुलांसाठी आणला, पण ताबा घेतला तो वडिलांनी. एका बोटाने बडवीत त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या आणि तीन वर्षांत ते मॅट्रिकपर्यंत पोचले. एका सकाळी पडद्यावर इंग्रजीत निरोप उमटला – हार्ड डिस्क सापडत नाही!

दुरुस्तीवाला पोरगा आला. त्याचं सगळं वैद्यक तीन शब्दांत मावत होतं : ‘बदलून बघू या!’ आधी त्याने रॅम उपसून खोडरबराने घासली, मग पॉवर सप्लाय बदलला. मला वाटलं, हा आमच्यावर हात साफ करून घेतोय.

पण त्याचं घराणं मोठं निघालं हो! १७८५ साली पॅरिसजवळ ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने बंदुकीच्या पन्नास चापांचे भाग सुटे करून खणाखणांत मांडले होते. अमेरिकेचे तिथले वकील थॉमस जेफरसन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, त्यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून चाप जुळवले, अन् ते चक्क बसले! कुठलाही भाग कुठेही बसला, तरच बदलून बघण्यात अर्थ.

१९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक या अमेरिकन संगणकात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. आमच्या जुन्या रेडिओत चार-पाचच होते, तरी तो महिन्यातून एकदा मौनव्रत धरी. एनिअ‍ॅकचा व्हॉल्व्ह दर दोनेक दिवसांनी जायचा. पण भाग खेचून काढता येण्याजोगे असल्यामुळे बिघाड पाव तासात सापडे. पुढे १९८१ साली आयबीएमने पीसी काढला. झाकण उघडा, कार्ड काढा, दुसरं खोचा! मग काय, घरोघरी धन्वंतरी झाले.

इकडे आमचा धन्वंतरी म्हणाला, “आजोबा, डिस्क गेली. नवीन टाकू.”

वडिलांचा चेहरा उतरला. “म्हणजे मी पुन्हा बिगरीपासून सुरू करू?”

पोरगा गप्प झाला. दुसरी डिस्क कशीही बसली असती. तिच्यात वडिलांचं बालपण कुठून येणार? त्याने पिशवीतली डिस्क जोडली. तीही सापडेना! तेव्हा माझी ट्यूब पेटली. बदललेला भागही तेच रडगाणं गात असेल, तर रोग दुसरीकडेच. ‘बदलून बघणं’ ही तपासणी. ‘बदलून टाकणं’ म्हणजे अंत्यसंस्कार. पोराने पट्टीसारखी चपटी केबल बदलली, जुनी डिस्क परत लावली आणि पडद्यावर मॅट्रिकची परीक्षा अवतरली. वडिलांनी त्याच्यासाठी स्वतः चहा टाकला.

त्या संगणकाचा आज एकही मूळ भाग उरलेला नाही. वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. पानं मात्र डिस्कवरून डिस्कवर उतरवीत मी जपली आहेत. फक्त मॅट्रिकला गणितात गुण किती पडले, ते त्यांनी शेवटपर्यंत लिहिलेलं नाही. ही चूक केबलची नव्हे!