मिंटो हॉलची स्थित्यंतरे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ मिळून नवे मध्य प्रदेश राज्य बनले आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. राजधानी ठरविणे हे एका हुकमाचे काम. परंतु विधानसभेला बसावयास सभागृह लागते आणि ते हुकमासरशी उभे राहत नाही. भोपाळने त्यासाठी आपल्याजवळची एक जुनी वास्तू पुढे केली. तिचे नाव मिंटो हॉल.

ही वास्तू विधानसभेसाठी बांधलेली नव्हती. १९०९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो भोपाळला आले, तेव्हा नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत तिची कोनशिला बसविण्यात आली. अशा थोर पाहुण्यांना साजेलशी इमारत संस्थानात असावी, हा त्यामागील हेतू होता. बांधकाम मात्र दोन तपांइतका काळ रेंगाळले आणि बेगमसाहेबांचे पुत्र नवाब हमीदुल्ला खान यांच्या अमदानीत ते पुरे झाले. तोवर मिंटोसाहेबांना जाऊन किती तरी वर्षे लोटली होती. ज्या पाहुण्याच्या नावे घर बांधले, त्याने ते पुरे झालेले कधी पाहिलेच नाही.

पाहुण्यांवाचून वास्तू रिकामी मात्र राहिली नाही. तिच्यात कधी सैन्याचे मुख्यालय होते, कधी पोलिसांचे. पुढे विद्यार्थ्यांचे वर्ग तेथे भरू लागले आणि हमीदिया महाविद्यालयाचा आरंभीचा काळ तिच्याच छताखाली गेला. १९४९ साली भोपाळ संस्थान केंद्र सरकारच्या ताब्यात आले. सात वर्षांनी लोकप्रतिनिधी येथे येऊन बसले. एका राजेशाहीने दुसऱ्या राजसत्तेच्या स्वागतासाठी बांधलेल्या दालनात निवडून आलेली माणसे अंदाजपत्रकावर भांडू लागली. इतके मोठे राजकीय परिवर्तन घडले आणि त्यासाठी एक भिंतही पाडावी लागली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

चाळीस वर्षे हा संसार चालला. १९५७ साली विधानसभेच्या जागा २८८ होत्या. १९७७ पर्यंत त्या ३२० झाल्या. जुने दालन अपुरे पडू लागले. अखेर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या नव्या विधानभवनात १९९६ साली सभागृह गेले आणि मिंटो हॉलवर पुन्हा काम शोधण्याची पाळी आली.

अशा वेळीच जुन्या वास्तूचा खरा कसोटीचा क्षण येतो. भोपाळातच त्याचे दुसरे उदाहरण आहे. नवाब शाहजहाँ बेगम यांनी १८७१ ते १८८४ या काळात ताजमहाल नावाचा आपला विस्तीर्ण प्रासाद बांधला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याने आसरा दिला. त्या उपयोगाची थोरवी कोणीही नाकारणार नाही. परंतु निर्वासित बैरागढला गेले आणि मग प्रासादाला नियमित असे काम उरले नाही. वापर नाही म्हणून देखरेख नाही, देखरेख नाही म्हणून गळती, आणि गळतीमागोमाग पडझड, असा हा क्रम आहे. याउलट बेगमांच्या दरबाराची सदर मंझिल पुढे नगरपालिकेची कचेरी झाली, कुदसिया बेगमांच्या गोहर महालात हस्तकलांची प्रदर्शने भरू लागली, आणि जनरल उबैदुल्ला खान यांचा जहाँनुमा महाल १९८३ पासून हॉटेल म्हणून चालू आहे. या वास्तूंना माणसांचा राबता टिकवून आहे.

मात्र जुन्या घराला नवे काम देणे म्हणजे दारावरची पाटी बदलणे नव्हे. वास्तुविशारदाला प्रथम कोणती भिंत भार पेलते आणि कोणती नुसता आडोसा करते, हे शोधावे लागते. चुना व सुरखीच्या जाड भिंती ओल शोषतात आणि पुन्हा बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरत जाते. विजेच्या तारा, नळ व वातानुकूलनाची यंत्रे अशा रीतीने बसवावी लागतात की, पुढे ती काढली तरी मूळ अंगाला इजा होऊ नये. कारण आजचे कामही शेवटचे नव्हे, हे मिंटो हॉलचा इतिहासच सांगतो.

त्या वास्तूचे नूतनीकरण होऊन २०१८ साली तिचे परिषद केंद्र झाले, आणि २०२१ साली तिला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव देण्यात आले. भिंती वाचल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु भाड्याने मिळणाऱ्या दालनात समारंभासाठी येणाऱ्या पाहुण्याला, येथे चाळीस वर्षे एका राज्याचे कायदे झाले, हे कोणी सांगितल्यावाचून कसे कळावे? वास्तूला काम मिळाले की ती उभी राहते. तिची स्मृती उभी ठेवणे हे मात्र वेगळे काम आहे, आणि ते गवंड्याकडे सोपविता येत नाही.

नागपूरच्या जुन्या विधानभवनाचेही याहून निराळे नाही. राजधानी गेली, तरी १९६० पासून महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेथे भरू लागले. वर्षातून थोडेच दिवस का होईना, तेथील बाके भरतात. एकाच दिवशी एका शहराचे राजधानीपद गेले आणि दुसऱ्याला ते मिळाले. दोन्ही शहरांतील वास्तू मात्र आपापले नवे काम पत्करून आजही उभ्या आहेत.