अंतराळीय रेडिओ ज्योतिषशास्त्र

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर ठेवलेल्या उपकरणांनी खस्थ पदार्थांच्या रेडिओ तरंगांचे वेध घेणारी ज्योतिषशास्त्राची शाखा. सुमारे १० मेगॅहर्ट्‌झहून कमी कंप्रतेचे तरंग आयनांबर परतवून लावते, आणि जे भूपृष्ठापर्यंत येतात त्यांत मानवी प्रक्षेपणांचा कोलाहल मिसळतो. या दोन अडचणींपोटी ही शाखा जन्मास आली.

इतिहास : अमेरिकेने १९६८ मध्ये सोडलेल्या आरएई-१ या उपग्रहाच्या वेधांत निम्न कंप्रतेवर खुद्द पृथ्वीचेच उत्सर्जन प्रबळ असल्याचे दिसले, म्हणून १९७३ मध्ये आरएई-२ हा चंद्राभोवती फिरता ठेवण्यात आला, आणि चंद्राच्या आडोशास जाताच तो गोंगाट थांबतो असे अनुभवास आले. जपानचा हाल्का (१९९७, आकाशकाचा व्यास ८ मी.) व रशियाचा स्पेक्टर-आर (२०११–१९, १० मी.) यांचा हेतू निराळा, म्हणजे भूस्थित दूरदर्शकांशी सांगड घालून पृथ्वीच्या व्यासाहून लांब आधाररेषा मिळविण्याचा, होता.

महाराष्ट्रातील भूस्थित कार्य : गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या, प्रत्येकी १.८ मी. व्यासाच्या ३२ आकाशकांची सूर्यवेधासाठी कल्याण येथे १९६५ मध्ये मांडणी केली. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) उभा राहिला : ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक, पैकी १४ मध्यवर्ती चौकात व १६ तीन बाहूंवर, असा हा विस्तार सुमारे २५ किमी. आहे. पोलादी तारांची विरळ जाळी दोरवजा ताणांवर बसविल्याने आकाशक हलके व अल्पमोली झाले. डोंगरांच्या आडोशाने लाभणारी रेडिओ-शांतता हे स्थलनिवडीचे एक प्रमुख कारण होते. अंतराळात जे चंद्राकडून साधावयाचे, ते येथे सह्याद्रीच्या रांगांनी काही अंशी साधले.

भवितव्य : पहिले तारे उजळण्यापूर्वीच्या हायड्रोजनाची मूळ १४२० मेगॅहर्ट्‌झची रेषा विश्वप्रसरणामुळे ५० मेगॅहर्ट्‌झखाली सरकलेली असल्याने तिच्या वेधास चंद्राची पाठीमागील बाजू सर्वांत अनुकूल मानली जाते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचा ‘प्रतुष’ हा चंद्रकक्षीय प्रकल्प प्रस्तावित आहे.