नाकाने विचारलेला प्रश्न

आढीतला आंबा पिकला की नाही, हे आपण तो न कापता वासावरून ओळखतो. पिकताना फळातून अनेक संयुगांची वाफ बाहेर पडते. केळ्याच्या ओळखीच्या वासात आयसोअमाइल ॲसिटेटचा मोठा वाटा असतो. पण प्रत्येक वासासाठी वेगळा संवेदक करायचा, तर यंत्राला हजारो संवेदक लागतील. मग आपल्या नाकाला हे कसे जमते?

इलेक्ट्रॉनिक नाक याच प्रश्नातून जन्मले. १९८२ साली इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील कृष्णा पर्सॉद आणि जॉर्ज डॉड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात नाकाचे एक प्रारूप मांडले. त्यात टिन ऑक्साइडचे मोजके संवेदक होते. असा संवेदक तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि तिथले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. वासाची वाफ आली की तिच्याशी होणाऱ्या अभिक्रियेत हा ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विद्युतरोध घटतो. गंमत अशी, की यातला एकही संवेदक एखाद्याच वासासाठी राखीव नसतो. प्रत्येक जण अनेक वासांना कमीअधिक प्रतिसाद देतो. ओळख पटते ती सर्वांच्या प्रतिसादांची सांगड घालून. नाकही असेच करत असावे, हा त्यामागचा तर्क होता.

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी गंधग्राहकांची जनुके शोधली. पुढे १९९९ मध्ये दिसून आले, की एक ग्राहक अनेक गंध ओळखतो आणि एक गंध अनेक ग्राहकांना चेतवतो. तर्क खरा ठरला.

त्याच वर्षी वॉरिकमधील हाइन्स, गार्डनर आणि सहकाऱ्यांनी केळ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ८ ते १४ दिवस पिकत्या केळ्यांच्या वासाची मोजमापे घेऊन संगणकाला पक्वतेच्या ७ अवस्था शिकवल्या गेल्या. सर्वांत सरस पद्धतीने ९२ टक्के वेळा अचूक उत्तर दिले.

मात्र ‘अचूक’ कशावरून ठरले? सालीच्या रंगावरून! रंग फसवू शकतो म्हणून आपण वासाकडे वळतो, आणि यंत्राला वास शिकवतो रंगाच्या आधारे. शिक्षकाची चूक यंत्रही इमानदारीने गिरवणार.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. सारख्याच पिवळ्या दिसणाऱ्या केळ्यांच्या चकत्यांवर आयोडीनचे थेंब टाकावेत. स्टार्च जास्त तिथे निळा-काळा रंग गडद उमटेल. स्टार्चची साखर झाली असेल तिथे फिका. मग मुलांना विचारावे: यंत्राला शिकवायचे, तर उत्तरपत्रिका कोणती वापराल?